शेवटचा ओ लांब

ओगलेबाईंनी फळ्यावर दोन अक्षरं काढली
आणि म्हणाल्या, होन्नो.
शेवटचा ओ लांब.
पलीकडच्या होडीला हाक मारताना
तुम्ही लांबवत असाल ना, तेवढा.
(मी दिवाळ्याची, हे त्यांना ठाऊक आहे.)

पहिलं अक्षर म्हणजे झाड,
बुंध्याशी एक आडवी रेघ,
मूळ इथे आहे बघा, असं सांगणारी.
मला ती वेगळीच दिसली.
आमच्या खाडीतल्या तिवरांना असते तशी,
भरतीचं पाणी कुठवर चढलं होतं
ते दाखवणारी, चिखलाची.
दुसरं अक्षर म्हणजे जमणं.
पूर्वी म्हणे ते अस्वलाचं चित्र होतं.
अस्वल मी पाहिलेलं नाही.

वहीत अर्थ उतरवला: सहजप्रवृत्ती.
हा शब्द आमच्या घरात अजून कोणाच्या तोंडून निघालेला नाही.
त्याखाली लिहिलं: उपजत.
हा बरा. हा चिखलात चालेल.

गृहपाठ, एक वाक्य.
मी लिहिलं,
माझी आई होन्नोने ओळखते
कुठल्या बिळात चिंबोरी आणि कुठल्या बिळात साप.
लिहिताना छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

शनिवारी, वाशीत, सेक्टर सतराला,
झेरॉक्सवाल्याच्या वरच्या मजल्यावर
बाईंनी त्या शब्दावर हिरवी काट मारली.
(लाल पेन त्या वापरत नाहीत.)
हे होन्नो नव्हे, तांडेल-सान.
पहिल्या दिवशी कळत होतं का आईंना?

मला आठवला आईचा उजवा अंगठा,
वरचं पेर नसलेला.

मग ह्याला कान म्हणायचं, बाई म्हणाल्या.
चुकत चुकत अंगात मुरतं ते.
कान?
हो. उच्चार अगदी आपल्या कानासारखा.

आईला सांगितलं तर
टोपलीतल्या निवट्या धुता धुता हसली:
"बराबर हाय गो. बिलाला कानच लावतंय मी."

मग होन्नो कुठलं?
आठवडाभर शोधत राहिले.
रबाळ्याच्या कारखान्यात
बेअरिंगवरून बोट फिरवलं की मला खोट कळते,
पण त्याला अकरा वर्षं लागली. म्हणजे कानच.
नागोयाचा फोन आला की
समोर नुसती भिंत असताना मी कमरेत वाकते.
तेही शिकलेलं. बाहेरचे पोर्टर बघून हसतात.
शिंक? शिंक चालेल का?
बाई म्हणतील, शिंक म्हणजे शिंक.

बुधवारी पत्र मिळालं.
दोन वर्षं, नागोया, राहायला खोली,
खाली गोल लाल शिक्का.
घरी येऊन दुसऱ्यांदा वाचत होते
तेवढ्यात ओट्यावर आईची पावलं वाजली
आणि माझ्या हाताने ते पत्र
तांदळाच्या डब्यात खुपसलं.
मी नव्हे. हाताने.
आनंद व्हायच्याही आधी.

हे कोणी शिकवलं ह्याला?
चोरी केली नव्हती, वाईट बातमी नव्हती,
माझं वय सदतीस.

रात्री सगळे निजल्यावर
पत्र काढायला कोपरापर्यंत हात घातला.
तांदूळ गार, पाण्यासारखा बाजूला होणारा.
तळाशी आधी लागली
प्लॅस्टिकच्या पिशवीतली एक गुंडाळी,
रबर लावलेली,
वास मच्छीचा.
किती वर्षांची, कोणापासून लपवलेली,
उघडून पाहिलं नाही.
होती तशी ठेवली.

मागे वळले तर आई दारात.
डब्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे,
कोपरापर्यंत तांदळाचं पांढरं पीठ,
आणि तिची रेघ कुठे संपते ते.
"केवाची गाडी हाय?" एवढंच विचारलं.

गाडी नाही गो, विमान.
पण तेव्हा मी काहीच बोलले नाही.

आता वही उघडून बसलेय.
'तेकी' आणि 'नी' जोडले की होतं, उपजतपणे.
माझ्या हाताने होन्नोतेकी नी पत्र लपवलं.
व्याकरण तपासलं, बरोबर आहे.
शब्द बरोबर आहे का
ते शनिवारी विचारीन.
खाली दोन ओळी जागा सोडली आहे,
हिरव्या पेनासाठी.